दिसला का कोंबडा?

त्याच्या नावातला पहिला ‘ल’ लिहायचा, पण म्हणायचा नाही. मी वर्षानुवर्षं ‘फ्रेडी ल्युंगबर्ग’ असं ठसक्यात म्हणत आलो आणि मग कळलं, स्वीडनमध्ये तो ‘यूंगबेरी’च्या आसपास काहीतरी असतो. तोवर जीभ वळायचं वय गेलं होतं.

आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचा हा मिडफिल्डर बहुतेकांच्या लक्षात राहिला तो केसांमुळे. 2002 मध्ये डोक्यावर मधोमध लालभडक तुरा. आई त्याला सरळ ‘कोंबडा’ म्हणायची. त्याच मे महिन्यात कार्डिफला इंग्लंडच्या एफए कपच्या फायनलमध्ये या कोंबड्याने मैदानाच्या मध्यापासून चेंडू पळवत नेला, आडवा आलेला समोरच्या चेल्सी संघाचा जॉन टेरी धडपडून पडला आणि चेंडू वळत वळत लांबच्या कोपऱ्यात. आईसुद्धा भाजी निवडायची थांबली.

मला मात्र तो चेंडू पायात नसतानाच जास्त आवडायचा. डिसेंबर 2001, समोर इटलीचा युव्हेंटस. आर्सेनलचाच बर्गकँप पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी चेंडू घेऊन नुसता गिरक्या घेतोय, भोवती बचावपटू. वाटतं, याला काही सुचत नाहीये. मग लक्षात येतं, हा कुणाची तरी वाट बघतोय! पास सुटतो तेव्हा ल्युंगबर्ग नेमका तिथे हजर, आणि चेंडू गोलकीपर बुफाँच्या अंगावरून जाळ्यात. 2006 च्या वर्ल्ड कपला पॅराग्वेविरुद्ध 89 व्या मिनिटाला त्याने डोक्याने मारलेला गोलही याच जातीचा. टीव्हीचा कॅमेरा बिचारा चेंडूच्या मागे. त्यामुळे हा गडी पडद्याच्या कडेतून अचानक उगवायचा. निघाला कधी, कुठून, काही पत्ता नाही.

म्हणून 2014 मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळायला येतोय म्हटल्यावर हार्बर लाइन पकडून नेरूळ गाठलं. वय 37, दोन वर्षांपूर्वीच निवृत्ती जाहीर केलेली, हे ठाऊक होतं. पण डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अख्खं मैदान एका नजरेत येतं. कॅमेऱ्याबाहेरचं ते पळणं एकदा तरी बघायचं होतं. दोनदा गेलो. अख्ख्या मोसमात तो चारच सामने खेळला, आणि माझी दोन्ही तिकिटं त्या चारांतली नव्हती.

दुसऱ्या वेळी मग पर्याय म्हणून मुंबईच्याच एका पोरावर नजर ठेवली. चेंडू पार दुसऱ्या टोकाला, आणि हा हात वर करून जीव खाऊन पळतोय. पास आला नाही. कमरेवर हात ठेवून मागे फिरला, जर्सीला तोंड पुसलं आणि पुन्हा सुटला. तिसऱ्यांदाही पास नाहीच. शेजारचे काका म्हणाले, “हा पोरगा काही करतच नाहीये.”

घरी पोचलो तर आई जागीच.

“दिसला का कोंबडा?”

“नाही. आणि आता तुराही नाही त्याला. टक्कल केलंय.”

“अरेरे,” म्हणाली आणि भात गरम करायला उठली.