गांडुळाचं बिऱ्हाड

पावसाळ्यात मोरीत गांडूळ दिसलं की घरात एकच ओरडा होतो. 'शेतकऱ्याचा मित्र' वगैरे शाळेत घोकलेलं कुणालाच आठवत नाही. मीठ तेवढं आठवतं. मला हल्ली प्रश्न पडतो, हा प्राणी जमिनीवरचा, हे ठरवलं कुणी?

शरीराने तो अजून पाण्यातलाच आहे. गोड्या पाण्यातल्या जिवाच्या अंगात पाणी सारखं शिरत असतं, म्हणून क्षार राखायचे आणि पातळ लघवी भरपूर करायची, हा तिथला रिवाज. कोरड्यावर राहणाऱ्याने थेंबन् थेंब जपायला हवा. कोट्यवधी वर्षं मातीत काढूनही गांडुळाची जुनी सवय काही सुटलेली नाही. त्यात श्वासही कातडीतून, म्हणजे ती सदा ओली हवी. खरं तर हे ध्यान कधीच वाळून जायचं!

पण देह बदलण्याऐवजी त्याने माती बदलली. बिळं केली, पालापाचोळा आत ओढला, माती गिळून, चिकट स्राव मिसळून तिचे दाणे केले. अशा मातीत पाणी मुरतं, टिकतं आणि गांडुळाला सहज शोषता येतं. भाडेकरूने स्वतःला मुरड न घालता अख्खा वाडाच सोयीने बांधून घ्यावा, तसं हे. पिल्लू जन्मतं तेही पूर्वजांनी कसलेल्या मातीत. जनुकांबरोबर जमीनही वारशाने मिळते, फक्त सातबारा नसतो.

डार्विन यात चाळीसेक वर्षं रमला होता. 1842 साली इंग्लंडमधल्या डाऊन गावाजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले होते. 1871 साली तिथे खणलं, तर पांढरी रेघ सात इंच खाली! गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीखाली खडू गेला होता. घरातही कुंड्यांत गांडुळं. त्यांच्यापुढे बासून नावाचं फुंकवाद्य वाजवून पाहिलं, ती ढिम्म. कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला, तेव्हा मात्र थरथर जाणवून बिळात पळाली. घरच्यांच्या सोशिकपणाचं मला जास्त कौतुक वाटतं.

तरी मित्र म्हणताना जरा सबुरी. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बऱ्याच जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच. तिथली झाडं पाचोळ्याच्या जाड थरात रुजायला सरावलेली. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर गांडुळं पोचली, पुढे मासे धरायच्या आमिषातूनही पसरली, आणि तो थर फस्त होऊ लागला. मेपलची रोपं, रानफुलं तिथे मुश्किलीने तग धरतात. गांडुळांनी वेगळं काहीच केलं नाही. आपल्याला हवी तशी माती करून घेतली.