ताबो: ज्या ग्रंथात पायी शिरता येतं

हिमाचलमधल्या स्पितीच्या सहलींवर माझा राग आहे तो ताबोमुळे, तिथल्या एका गावातल्या जुन्या बौद्ध मठामुळे. किन्नौरकडून येणाऱ्या गाड्या दुपारी इथे थांबतात. माणसं उतरतात, मातीच्या भिंतींपुढे फोटो काढतात, देवळात डोकावून "फार अंधार आहे हो" म्हणत बाहेर येतात आणि चहा पिऊन काझाची वाट धरतात. काझात हॉटेलं आहेत, पुढे चंद्रतालचं आकर्षण आहे. ताबो आपलं वाटेत लागतं म्हणून बघायचं. आम्हालाही अर्धाच तास मिळणार होता. बहिणीने आणि मी गाडीतून सामान काढून घेतलं आणि गावातल्या एका घरी मुक्काम टाकला. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको हा सारा रस्ता विलक्षण आहे, पण त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला ताबोच्या एका दालनाबद्दलच लिहायचंय.

बाहेरून काहीच दिसत नाही. मातीची बसकी देवळं, मधूनमधून स्तूप, मागे उघडा डोंगर. मुख्य देऊळ ९९६ सालचं. पश्चिम तिबेटच्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने ते बांधवलं, आणि ४६ वर्षांनी त्याच्याच वंशातल्या जांगचुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. हे आतल्याच भिंतीवर लिहून ठेवलेलं आहे. आत फोटो काढायला बंदी आहे, आणि ती आहे हे उत्तम आहे.

सभामंडपात पाऊल टाकलं की आधी खरोखरच काही दिसत नाही. बसून राहावं लागतं. हळूहळू भिंतींवर, डोक्याच्याही वर, माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती उमटायला लागतात. पायाखाली जमीन नाही, पाठीमागे गोल प्रभावळ, जणू भिंतीतून पुढे आलेल्या. मधोमध पाठीला पाठ लावून बसलेल्या चार देहांचा वैरोचन, या दालनाचा मुख्य बुद्ध. कुठल्याही दिशेने या, तो तुमच्याकडेच तोंड करून बसलेला असतो.

हे दालन म्हणजे वज्रधातु मंडल आहे, मधल्या बुद्धाभोवती देवतांची ठरलेली मांडणी. ज्या ग्रंथातून ते आलं तो 'सर्वतथागत-तत्त्वसंग्रह'. सातव्या शतकाच्या अखेरीस तो भारतात आकाराला येत होता, आणि ७२३ साली वज्रबोधी या भारतीय आचार्याने चीनमध्ये त्यातल्या साधनेचा सारांश चिनीत उतरवला होता. पुढे त्याचा शिष्य अमोघवज्र याने आणखी भाग भाषांतरित केला. भारतात बुद्धगुह्य, शाक्यमित्र, आनंदगर्भ यांनी त्यावर लिहिलं. एका ग्रंथाभोवती टीका, विधी, मंडलं जमत गेली आणि त्यातून योगतंत्र नावाची एक अख्खी परंपरा उभी राहिली.

ग्रंथाची सुरुवात मला फार आवडते. सर्वार्थसिद्धी नावाचा बोधिसत्त्व, बुद्ध होण्याच्या वाटेवरचा साधक, बोधिमंडावर म्हणजे बोधी मिळण्याच्या जागी बसून खडतर, श्वासही थांबवणारी समाधी लावतो. सगळे तथागत, म्हणजे बुद्ध, येऊन त्याला विचारतात, सर्व तथागतांचं तत्त्व जाणल्याशिवाय तुला बोधी कशी मिळणार? मग ते त्याला पाच पायऱ्यांनी शिकवतात. आधी स्वतःच्या चित्ताकडे बघ. ते चंद्रबिंबासारखं दिसतं. त्या चंद्रावर वज्र दिसतं. शेवटी, जसे सर्व तथागत तसाच मी. त्याला वज्रधातु हे नाव मिळतं, तो वैरोचन होतो, आणि मेरूच्या शिखरावर त्याच्याभोवती मंडल उलगडतं. सिद्धार्थ गौतमाच्या बोधिवृक्षाखालच्या रात्रीचीच ही गोष्ट आहे, आतल्या बाजूने सांगितलेली. तंत्राची मुळं बुद्धापासून तुटलेली आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पहिलं प्रकरण तरी वाचावं. इथल्या भिंतींवर, मूर्तींच्या खालच्या बाजूला, एकीकडे बुद्धचरित्र आणि दुसरीकडे महायान ग्रंथातल्या, गुरूंमागून गुरू शोधत फिरणाऱ्या सुधनाची कथा रंगवली आहे. तंत्र, महायान, बुद्धचरित्र सगळं एकाच खोलीत. हे ज्याने योजलं त्याला परंपरा अखंड दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नव्हती. एका तरुण लामाने टॉर्च धरून एकेका मूर्तीचं नाव सांगितलं, तेही संस्कृतात. मध्ये वैरोचन, चार दिशांना अक्षोभ्य, रत्नसंभव, अमिताभ, अमोघसिद्धी, प्रत्येकाचे चार असे सोळा वज्रबोधिसत्त्व. मग देवी आल्या. लास्या, माला, गीता, नृत्या. टॉर्च पुढे सरकला. धूपा, पुष्पा, आलोका, गंधा.

माझ्या अंगावर काटा आला. गंध, फूल, धूप, दीप! आजी रोज सकाळी देवापुढे याच क्रमाने करायची ती पंचोपचार पूजा, नैवेद्य तेवढा सोडून, इथे चार देवी होऊन भिंतीवर बसली होती. दाराकडच्या रक्षकांपाशी आलो तर पहिला वज्रांकुश, दुसरा वज्रपाश. अथर्वशीर्षातला 'पाशमंकुशधारिणम्' ज्याच्या तोंडात बसलाय त्याला हे परके कसे वाटतील? इथे त्यांचं कामही नेमून दिलेलं आहे. अंकुश देवतेला ओढून आणतो, पाश आत घेतो, तिसरा वज्रस्फोट साखळीने बांधून ठेवतो, आणि चौथा वज्रावेश घंटेने तिला मंडलात एकरूप करतो. आपल्या आवाहन-प्रतिष्ठापनेचीच ही दुसरी शाखा. एकाच काळी, एकाच भूमीत, शैव आणि बौद्ध आचार्य एकमेकांच्या विधींकडे डोळे उघडे ठेवून बघत होते. भांडतही होते; याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात वज्रपाणी महेश्वराला पायाखाली घेतो. ते वाचताना मला त्रास झाला, आणि तरीही तो ग्रंथ मला आपलाच वाटतो.

मी मोजत होते. ग्रंथातल्या मंडलात ३७ देवता, इथे भिंतींवर ३२ आणि मधला वैरोचन. वैरोचनाच्या भोवतीच्या चार पारमिता देवींच्या मूर्ती भिंतींवर नाहीत. म्हणजे शिल्पकारांनी आणि आचार्यांनी ग्रंथ खोलीत बसवताना स्वतःचे निर्णय घेतले होते.

तेवढ्यात एक गट आला. त्यांना घेऊन आलेल्या माणसाने दारातूनच सांगितलं, "हे तांत्रिक देव. काळी जादू, वशीकरण, सगळं असायचं इथे." सगळे हसले आणि पाच मिनिटांत गेले. माझं डोकं सणकलं. कारण हे देऊळ ज्याने बांधलं, त्या येशे-ओला नेमकी हीच चीड होती. तंत्रग्रंथांतली वाक्यं शब्दशः घेऊन हिंसा आणि स्वैराचार करणाऱ्यांविरुद्ध त्याने फर्मान काढलं होतं. नुसतं फर्मान काढून तो थांबला नाही. परंपरा सांगते की त्याने २१ तरुण काश्मीरला शिकायला पाठवले आणि उष्णतेने, आजाराने बाकीचे दगावले. परतले ते दोघेच. त्यातला एक रिनचेन झांगपो (९५८–१०५५). त्याने श्रद्धाकरवर्मन् या पंडिताबरोबर तत्त्वसंग्रह तिबेटीत आणला. एवढी तरुण मुलं गमावून जे शुद्ध स्वरूपात मिळवलं, ते या भिंतींवर आहे. त्याला काळी जादू म्हणताना जीभ अडखळायला हवी.

हेच मंडल दुसऱ्या टोकाला जपानमध्येही आहे. अमोघवज्राच्या शिष्याकडून, हुइगुओकडून, कूकाई या जपानी भिक्षूने ते घेतलं आणि ८०६ साली तो मायदेशी परतला. तिथे ते नऊ चौकोनांत रंगवतात. आणि आपल्याकडे वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाभोवती आठ बोधिसत्त्व नऊ चौकोनांत कोरलेले आहेतच. कैलास बघून दमलेले लोक तिथवर जात नाहीत. ताबोला सगळे 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. मला ते पटत नाही. मंडलांकडे वळलेली आपली लेणी बघायची तर वेरूळला जायला हवं.

पुढे ढंकर, काझा आणि 'की'चा मठ झालं. थंडी होती, थुक्पा (नूडल्सचं सूप) चांगला होता.

१९७५च्या भूकंपात ताबोला तडे गेले होते. मातीची छपरं कोरड्या हवेसाठी बांधलेली आहेत, जोरदार पाऊस त्यांना सोसत नाही. ही देवळं टिकवायची तर ती कशाची आहेत हे बघणाऱ्यांना कळायला हवं. दाराशी एक कागद मिळाला तरी पुरे: दालनाचा आराखडा, कुठली मूर्ती कोणाची, कुठून बघायला सुरुवात करायची. मला असा कागद कुठे मिळाला नाही, म्हणून घरी आल्यावर मी मराठीत एक काढला आहे. स्पितीला निघालेल्या कोणाला हवा असेल तर मागा, मी पाठवेन. आणि ताबोला रात्र काढा.