इटालियन रेड वाइनचं लेबल कसं वाचायचं

इटालियन बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव कधी गावाचं असतं, कधी द्राक्षाचं, कधी वाइनरीचं, तर कधी मालकाने हौसेने ठेवलेलं. त्यामुळे ते आधी सोडून द्या आणि डीओसीजी, डीओसी किंवा आयजीटी यांपैकी काय लिहिलंय ते शोधा. या वाइनच्या कायदेशीर दर्जाच्या पायऱ्या, वरून खाली याच क्रमाने. बहुतेक वेळा ते बारीक अक्षरांत असतं. त्याला लागून जे नाव येतं, ते त्या वाइनचं कायदेशीर नाव. काजू फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून गोव्याबाहेर केलेल्या दारूला ते नाव लावता येत नाही. इटलीत याच विचाराचा कायदा 1963 पासून आहे, आणि तो बराच कडक आहे: द्राक्ष कुठलं, एकरी पीक किती, पिंपात किती महिने, सगळं ठरलेलं.

डीओसीजी ही सर्वांत वरची पायरी. तिच्या बाटलीच्या मानेवर सरकारी, क्रमांक असलेली कागदी पट्टी असते. काही डीओसी बाटल्यांवरही ती दिसते, म्हणून नुसत्या पट्टीवर जाऊ नका, अक्षरं वाचा. आयजीटी म्हणजे हलका माल, असंही धरून चालू नका. तोस्काना (टस्कनी) प्रदेशातल्या काही उत्पादकांना नियमाबाहेरची द्राक्षं वापरायची होती, म्हणून त्यांनी खालची पायरी आपणहून घेतली. त्यांच्यापैकीच एक वाइन, तिन्यानेल्लो, आजही आयजीटी आहे आणि दुकानातल्या बऱ्याच डीओसीजी बाटल्यांपेक्षा कितीतरी महाग आहे. पायरीवरून नियम किती कडक ते कळतं. चव उत्पादकाच्या हातात असते, म्हणून त्याचं नाव लक्षात ठेवायची सवय लावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती मोंतेपुल्चानो या नावापाशी. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’ लिहिलेलं असेल तर मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आणि आब्रुत्सो हा प्रदेश. गडद रंगाची, भरदार, सहसा परवडणारी वाइन. ‘विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ असेल तर मोंतेपुल्चानो हे तोस्कानातलं गाव, आणि आत किमान 70 टक्के सांजोवेझे द्राक्ष. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात, किंमतीत मोठा फरक असतो आणि चवीचा एकमेकींशी संबंध नसतो. साधारणपणे आधी द्राक्ष आणि मग ‘द’ किंवा ‘दि’ लावून गाव अशी रचना असते: बार्बेरा द’आस्ती, दोल्चेत्तो द’आल्बा, प्रिमितीवो दि मांदुरिया. बारोलो, बार्बारेस्को आणि कियांती यांच्या कायदेशीर नावात मात्र द्राक्ष येतच नाही, ते आपल्यालाच माहीत असावं लागतं. पहिल्या दोन्हींत शंभर टक्के नेब्बिओलो, कियांतीत किमान 70 टक्के सांजोवेझे.

‘क्लासिको’ म्हणजे त्या वाइनचा जुना, मूळ पट्टा. कियांती क्लासिको ही तर स्वतंत्र डीओसीजीच आहे: फिरेन्त्से (फ्लॉरेन्स) आणि सिएना या शहरांमधला डोंगराळ भाग, किमान 80 टक्के सांजोवेझे, आणि बाटलीवर काळा कोंबडा. ‘सुपेरिओरे’ म्हणजे बहुधा थोडं जास्त अल्कोहोल आणि काही ठिकाणी जास्त मुरवण, याहून फार काही नाही.

‘रिझेर्वा’ म्हणजे जास्त काळ मुरवलेली. पण किती काळ, हे प्रत्येक वाइनच्या नियमाप्रमाणे वेगळं असतं. कियांती क्लासिको रिझेर्वाला 24 महिने लागतात. साध्या बारोलोला 38, त्यांतले 18 लाकडात, आणि बारोलो रिझेर्वाला 62. म्हणजे रिझेर्वा न लिहिलेली बारोलोसुद्धा कियांतीच्या रिझेर्वापेक्षा जास्त मुरलेली असते. नुसता रिझेर्वा शब्द पाहून दोनेक हजार जास्त मोजू नका.

मागच्या लेबलवर ‘इंबोत्तिल्यातो आल्लोरिजिने’ असेल तर द्राक्षं पिकवणाऱ्यानेच, किंवा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने, वाइन करून बाटलीत भरली. नुसतं ‘इंबोत्तिल्यातो दा’ आणि कंपनीचं नाव असेल तर ती कंपनी फक्त भरणारी असू शकते. ‘सेक्को’ म्हणजे कोरडी, ‘आमाबिले’ म्हणजे चांगली गोडसर, ‘फ्रित्सान्ते’ म्हणजे हलके बुडबुडे असलेली.

अल्कोहोलचा आकडा गोव्याच्या जेवणासाठी फार महत्त्वाचा आहे. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. आमारोने सुकवलेल्या द्राक्षांची, किमान 14 टक्क्यांची आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा 15 च्या वर. विंदालूबरोबर ती घेतली तर ना वाइन कळते ना मसाला. सोरपोतेल किंवा चोरीस-पावाबरोबर बार्बेरा घ्या: आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी, त्यामुळे चरबी कापली जाते. शागुतीबरोबर थंड केलेली आमाबिले लांब्रुस्को (बुडबुड्यांची रेड) फार छान लागते. माशाच्या हुमणाबरोबर बारोलो नकोच, तिखट आणि तुरटपणा एकमेकांना चढवतात आणि माशामुळे तोंडात धातूसारखी चव येते.

आयातदाराचं चिकटवलेलं स्टिकरही वाचा, बहुधा त्यावर आयातीचा महिना असतो. साध्या, कोवळेपणी प्यायच्या वाइनवर तो तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल आणि बाटली एसी नसलेल्या दुकानात काचेजवळ उन्हात उभी असेल, तर सोडून द्या. कॉर्क वर आलेला, टोपणाखाली चिकटपणा किंवा पातळी खांद्याखाली गेलेली दिसली, तर वाइन बहुधा तापलेली आहे. अशी वाइन उघडली की शिजवलेल्या फळासारखा वास येतो, आणि मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो, उपयोग नाही.

‘रूम टेंपरेचरला द्या’ हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोली 30 अंशांच्या वर असते, आणि रेड 16 ते 18 अंशांना हवी. त्यासाठी फ्रिजमध्ये साधारण दीड-दोन तास, किंवा बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवली तर खड्यांमधल्या हवेमुळे बाटली खूप सावकाश थंड होते.