फुग्यातली हवा आणि खरा आकडा

त्या रात्री गोदावरीला पूर होता. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय, असं रुग्णाचा भाऊ बाहेर कुणाला तरी फोनवर सांगत होता. आत आयसीयूत रुग्ण न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर. वजन ११० किलो, द्यावा लागणारा ऑक्सिजन ९० टक्के, पीप (उच्छ्वासाच्या शेवटी व्हेंटिलेटर राखतो तो दाब) १२, प्लेटो प्रेशर (श्वास आत भरून रोखल्यावरचा दाब) ३२. पीप आणखी वाढवायला माझा हात धजेना.

सर म्हणाले, "या ३२ मधलं फुप्फुसावर किती आणि छातीच्या भिंतीवर किती? फुगा टाकून बघ."

अन्ननलिका छातीतूनच जाते, म्हणून तिच्यातल्या फुग्यावरचा दाब फुप्फुसाबाहेरच्या दाबाचा अंदाज देतो. वाचलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं. नळी नाकातून ६० सेंटिमीटरपर्यंत घातली. पोटावर हलकं दाबलं की आलेख उसळायचा, म्हणजे फुगा जठरात. मग ४० पर्यंत मागे घेतली, तेव्हा हृदयाच्या ठोक्यांच्या बारीक लाटा दिसल्या. उच्छ्वासाच्या शेवटी आकडा ९. पीपच्या बारातून नऊ गेले, फुप्फुस उघडं ठेवायला तीन उरले. हायसं वाटलं. केसपेपरवर लिहूनही टाकलं.

मग ऑक्लूजन टेस्ट, म्हणजे फुग्याचा आकडा खरा आहे का याची तपासणी. रुग्ण पूर्ण गुंगीत, स्वतःचा श्वास नाही. उच्छ्वासाच्या शेवटी व्हेंटिलेटर रोखून धरला, सिस्टरने छाती हलकेच दाबली. श्वासमार्गातला आणि अन्ननलिकेतला दाब जवळजवळ सारखाच वाढायला हवा; गुणोत्तर ०.८ ते १.२ मध्ये. आलं ०.६.

नळी दोन सेंटिमीटर खाली, वर, फरक नाही. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हवाच कमी असेल का?" तसंच होतं. बाहेरचा दाब जास्त असला की अर्धवट भरलेला फुगा चेपतो आणि आकडा कमी दाखवतो. जास्त भरला तर त्याचाच ताण आकड्यात मिसळतो. पूर्ण रिकामा केला, दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर पुन्हा शून्यावर आणला, अर्धा-अर्धा मिली हवा भरत दर वेळी टेस्ट केली. पहाटे तीनला ०.९५ आलं. खरा आकडा १७ होता.

म्हणजे उरलेले तीन नव्हे, उणे पाच. प्रत्येक श्वासाअखेर फुप्फुस मिटत होतं, आणि मी ठीक लिहून बसलो होतो.

पीप १८ केला, रक्तदाबावर नजर ठेवून. २०१९ मध्ये २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत या मापावर पीप ठरवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, हे मला माहीत आहे; सगळ्यांना फुगा टाका, असं मी म्हणणार नाही. या रुग्णाला सकाळपर्यंत ऑक्सिजन ६० टक्के पुरला.

केसपेपरवरच्या नऊवर एकच रेघ मारली, वेळ घालून सही केली. दुपारी कूस बदलल्यावर फुगा रिकामा करून परत भरला, टेस्ट परत केली. ०.९.