होस्ट्स.टीएक्सटी ते झोन फाइल: पार्सर पास, डॉट आर्पा नापास

मंडळी, आधी चांगली बातमी. घरच्या एम्युलेटरांसाठी (जुन्या मशीनची सॉफ्टवेअरमधली नक्कल) मी आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळातली होस्ट्स.टीएक्सटी ही नाव-पत्त्यांची यादी डीएनएसच्या (आजची नाव-पत्त्यांची यंत्रणा) झोन फाइलमध्ये बदलतोय. ती यादी वाचणारा पार्सर चालला. आरएफसी ९५२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) च्या साच्यातली जुनी होस्ट टेबल तो पूर्ण गिळतोय, झोन तपासणारं नेम्ड-चेकझोन कुरकुर न करता ओके म्हणतंय, आणि डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिगला एसआरआय-निक डॉट आर्पाचा एच-इन्फो (मशीन आणि ओएसची नोंद) विचारला की डेक-२०६०, टॉप्स२० असं उत्तर येतं. पत्ते पण दोन्ही, आर्पानेटचा १०.०.०.५१ आणि मिलनेटचा (लष्करी नेटवर्क) २६.०.०.७३. मी तीच कमांड उगाच परत परत मारत बसलो होतो.

मागच्या वेळी काहींनी विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, एचटेबल (जुनी टेबल बदलणारं साधन) वापरून ईटीसी-होस्ट्स फाइल बनव आणि ती झोन बनवणाऱ्या एचटूएनला दे, झालं काम. होतं की, पण एचटेबलमधून बाहेर पडताना मशीन आणि ओएसचे रकाने गळून जातात, आणि मला तर तेच हवेत, नुसती नावं-पत्ते असतील तर साधा डीएनएस सर्व्हर डीएनएसएमास्क पण चालेल ना. एच-इन्फोला दोन्ही स्ट्रिंग लागतातच, त्यामुळे जिथे ओएसचा रकाना रिकामा आहे तिथे सध्या 'अननोन' टाकतोय.

टोपणनावांचा त्रास थोडक्यात सांगतो. ओळीत पहिलं नाव अधिकृत, पुढची टोपणनावं. अधिकृत एसआरआय-निक डॉट आर्पा, टोपणनाव नुसतं एसआरआय-निक. ते सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) म्हणून आर्पा झोनमध्ये टाकलं की बाइंड (माझा डीएनएस सर्व्हर) मागे आर्पा चिकटवतं, म्हणजे नाव स्वतःकडेच बोट दाखवतं आणि 'सीनेम अँड अदर डेटा' म्हणून झोन लोडच होत नाही. असं टोपणनाव गाळायचं, हा नियम घातला. (हा नियम खाली उडणार आहे, वाचत रहा.)

आता खरी कटकट. झोन लोड झाला, एम्युलेटर खुश, आणि घरातल्या बाकी सगळ्याचं रिव्हर्स लुकअप (पत्त्यावरून नाव शोधणं) मेलं. वाटेतले राउटर दाखवणारं एमटीआर लावलं तर नुसते आकडे, मेल सर्व्हर पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये बाहेरून येणारा प्रत्येक जण 'अननोन'. पहिला संशय अर्थातच आमच्या गल्लीतल्या केबल ब्रॉडबँडवाल्यावर, कारण तो राउटरला वॅनवर (बाहेरच्या बाजूला) १० नं सुरू होणारा पत्ता देतो आणि माझे एम्युलेटरही १० मध्येच. पण नाही, या वेळी तो निर्दोष.

कारण असं की डॉट आर्पा आज रिकामं नाहीये. डीएनएस आलं तेव्हा जुन्या टेबलमधल्या नावांना तात्पुरतं शेपूट म्हणून ते लावलं, आणि पावसाळ्यापुरता म्हणून टाकलेला रस्त्यावरचा पॅच जसा वर्षानुवर्षं तिथेच राहतो तसं ते राहिलं. नावं डॉट ईडीयू, डॉट कॉमकडे निघून गेली पण इन-ॲडर डॉट आर्पा तिथेच, आणि अख्ख्या इंटरनेटचं रिव्हर्स त्याच्यावर उभं आहे. माझं बाइंड म्हणतं आर्पाचा मालक मी, माझ्याकडे इन-ॲडर नाही, म्हणजे जगातच नाही. सरळ एनएक्सडोमेन, म्हणजे 'असं नावच नाही'.

मग इन-ॲडरसाठी फॉरवर्ड झोन (प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे ढकलणारा) टाकला. ढिम्म फरक नाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, आपण ज्या झोनचे अधिकृत सर्व्हर आहोत त्याच्या पोटातलं नाव फॉरवर्ड करायचं असेल तर वरच्या झोनमध्ये एनएस डेलिगेशन (तो भाग कुठल्या सर्व्हरकडे आहे ती नोंद) लागतं, नाहीतर बाइंड फॉरवर्डकडे बघतच नाही. डेलिगेशन लिहायला गेलो तर इन-ॲडरचे सहा सर्व्हर, ए ते एफ, त्यांची नावंसुद्धा इन-ॲडर-सर्व्हर्स डॉट आर्पामध्येच! म्हणजे सगळ्यांचे ग्लू रेकॉर्ड (त्या सर्व्हरांचे पत्ते) हातानं, व्ही४ पण आणि व्ही६ पण. केलं ते. एमटीआरमध्ये नावं परत आली. ती रात्र छान झोप लागली.

सकाळी क्वेरी लॉग उघडला तर फोन रिझॉल्व्हर डॉट आर्पा विचारतोय, कुणी आयपी६ डॉट आर्पा, आणि होम डॉट आर्पा तर २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठीच राखीव आहे. किती डेलिगेशनं नकलत बसू? वर डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही. खरं आर्पा २०१० पासून साइन केलेलं आहे, रूटमध्ये (सर्वांत वरचा झोन) त्याचा डीएस (सहीच्या चावीची खूण) आहे, त्यामुळे लॅपटॉपवरचं सही तपासणारं अनबाउंड माझं बिनसहीचं आर्पा बघून सर्व्हफेल ही चूक देतं. त्याला डोमेन-इनसिक्युअर (इथे सही तपासू नको) लिहिता येतं, पण ते प्रत्येक मशीनवर जाऊन कोण करणार.

आणि हे टाइप करता करता लक्षात येतंय की पुढे याहून वाईट आहे. १९८५ नंतरच्या टेबलांत बर्कली डॉट ईडीयू छापाची नावं आहेत. त्यांचा झोन याच पद्धतीनं बनवला तर घरातून खरी बर्कलीची साइट गायब!

त्यामुळे ठिगळं बंद. बाइंडमध्ये दोन व्ह्यू (विचारणाऱ्यानुसार वेगळी उत्तरं) करणार. घरच्यांना खरं इंटरनेट, आर्पा जसं आहे तसं. एम्युलेटरच्या ब्रिजवरून येणाऱ्यांना वेगळा व्ह्यू, रिकर्शन (बाहेर जाऊन उत्तर शोधणं) बंद, आणि रूट झोनसुद्धा माझाच, ज्यात आर्पा आणि आरएफसी ९२० मधले कॉम, ईडीयू, जीओव्ही, एमआयएल, ओआरजी, बस. टॉप्स२० ला यूट्यूब कशाला लागतंय. एक व्ह्यू केला की सगळे झोन कुठल्यातरी व्ह्यूमध्ये घालावेच लागतात, तेवढी हमाली आहे.

पण याचा बोनस बघा. रूट माझा असेल तर नुसतं 'निक' किंवा 'एसआरआय-निक' हे बिनटिंबाचं टोपणनाव थेट रूटमध्ये सीनेम म्हणून बसतं, अगदी मूळ टेबलमध्ये होतं तसं, कुणाशी टक्कर नाही. म्हणजे वरचा गाळायचा नियम कॅन्सल, फक्त टोपणनाव एखाद्या टीएलडीशी (कॉम, ईडीयूसारखं टोकाचं नाव) जुळत नाही ना एवढी तपासणी पार्सरमध्ये घालायची.

हे सगळं सध्याच्या रास्पबेरी पायवर झेपेल, पण त्याचं मेमरी कार्ड कुरकुरायला लागलंय. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून स्वस्तातलं आणलेलं, अनुभवावरून सांगतो, लॉग लिहिणाऱ्या मशीनला तिथलं बिननावाचं कार्ड लावू नका, केबल आणि ॲडॅप्टर घ्या हवे तेवढे. यावेळी छोटा एसएसडी लावतोय.

राहिल्या टेबलमधल्या नेट (नेटवर्क) आणि गेटवे (नेटवर्कं जोडणारं मशीन) यांच्या ओळी. नेटसाठी आरएफसी ११०१ ची पद्धत वापरेन, म्हणजे ०.०.०.१० च्या इन-ॲडरला आर्पानेटचा पीटीआर (पत्त्यावरून नावाकडे नेणारी नोंद). गेटवेचं अजून ठरत नाहीये, एकाच नावाला चार नेटवर्कवरचे पत्ते, पीटीआर सगळे त्याच नावाकडे वळवू की प्रत्येक इंटरफेसला वेगळं नाव देऊ? मूळ टेबलमध्ये एकच नाव आहे म्हणून माझा कल पहिल्याकडे. कुणी केलं असेल तर शुक्रवारच्या आत सांगा, गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते, त्यामुळे व्ह्यूची कॉन्फिग शुक्रवारी रात्रीच चढवणार.