पॅसाडीनाच्या फुटपाथवर, ‘आर’ची वाट बघत

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची नववर्षाची रोझ परेड बघायची तर ग्रँडस्टँडची तिकिटं आधीच काढा, असं जो तो सांगतो. आम्हीही काढणार होतो. पण तोवर लेकीच्या ट्रिपचे हप्ते, तिचे बूट, बँड बूस्टरची, म्हणजे बँडच्या पालक मंडळाची, वर्गणी आणि आमची दोघांची विमानाची तिकिटं एवढं सगळं होऊन गेलं होतं. नवरा म्हणाला, “फुटपाथ फुकट आहे.” त्या एका वाक्यापायी मी एकतीस डिसेंबरची रात्र परेडच्या वाटेवर, कोलोराडो बुलेव्हार्डवर, घडीच्या खुर्चीत, कानटोपी घालून काढली.

आमची सई अकरावीत आहे आणि शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये सूझाफोन वाजवते. अंगाभोवती वेटोळं घालून डाव्या खांद्यावर बसतं आणि डोक्याच्या वर भलंमोठं तोंड उघडून बघतं, ते पितळी वाद्य. जॉन फिलिप सूझा या बँडमास्तरच्या नावावरून ते नाव पडलं. सईची उंची पाच फूट एक इंच. नववीत सरांनी “ट्यूबा कोण घेणार?” विचारलं तेव्हा वर गेलेला पहिला हात हिचा, आणि का, ते आजतागायत कळलेलं नाही.

साताऱ्याला सासूबाईंना फोटो पाठवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “वरातीपुढे असतात तसलं का गं हे? पोरगी बँडवाली होणार?” मी पुण्याची. कॉलेजात असताना नदीपात्रात ढोल बडवून हाताला घट्टे पाडून घेतलेत, आणि त्याचं सासूबाईंना कोण कौतुक! ढोल पथकातली सून चालते, ब्रास बँडमधली नात चालत नाही. दोघीही रस्त्यावरच वाजवणार ना? पण वरातीत ट्रम्पेट फुंकणाऱ्या माणसाचा चेहरा आपण कोणी बघतो? नवरदेवाच्या घोड्याकडे बघतो, बायकांच्या शालूंकडे बघतो. झगमगीत कोट घातलेल्या त्या माणसाची आई कुठे रस्त्याच्या कडेला मोबाइल वर धरून उभी असते का? असो. वर्षभरात सासूबाई निवळल्या. “जड नाही ना होत तिला?” एवढ्यावर आल्या.

जड होतंच. आम्ही शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. ऑगस्टमधल्या बँड कॅम्पला डांबरी पार्किंग लॉटवर उन्हात दिवसभर कवायत असते. परेडचं आमंत्रण आल्यावर त्यात डिसेंबरमधल्या सरावाची भर पडली, कारण साडेपाच मैल वाजवत चालायचं तर पाय आणि दम दोन्ही तयार पाहिजेत. सगळा बँड वस्तीतल्या रस्त्यांवरून फिरायचा. फार गारठा पडला की पितळी वाद्यांचे व्हॉल्व्ह आतल्या ओलाव्याने गोठतात, बोटाने दाबले की वर येत नाहीत. सई रात्री घरी येऊन आधी हात गरम पाण्यात घालायची आणि मग जेवायची. पार्किंग लॉटमध्ये नारिंगी कोन मांडून एका वळणाचा सराव चालायचा. परेड ऑरेंज ग्रोव्ह या रस्त्यावरून कोलोराडोवर येते तिथे सुमारे ११० अंशांचं वळण आहे, आणि टीव्हीचे कॅमेरे नेमके तिथेच. बाहेरच्या टोकाच्या मुलांनी लांब पावलं टाकायची, आतल्यांनी जवळजवळ जागच्या जागी पाय हलवायचे, आणि रांग मोडायची नाही. सूझाफोनवाले सगळ्यांत मागे, त्यामुळे पुढच्यांनी केलेला घोळ त्यांच्यापर्यंत वाढत वाढत येतो.

पैसे जमवायला पोरांनी कुकीचं पीठ विकलं, पॉपकॉर्न विकलं, शेवटी शाळेच्या जिममध्ये गाद्यांचा सेल लावला. होय, झोपायच्या गाद्या. आमच्याही घरी एक आली.

वाद्यं ट्रकने पुढे गेली. रूट ६६ हा जुना हायवे शिकागोहून निघून पॅसाडीनात याच कोलोराडो बुलेव्हार्डवरून जायचा, हे नवऱ्याने मला विमानतळावर सांगितलं. सांगायला वेळ भरपूर होता, कारण बर्फ आणि एका विमान कंपनीची कृपा. पोरं शाळेबरोबर आधीच पोचली होती. परेडच्या आधी पॅसाडीना सिटी कॉलेजच्या मैदानावर सगळ्या बँड्सचा कार्यक्रम होतो. तिथे त्यांची पूर्ण रचना बसून ऐकता येते. आम्ही उतरलो तोवर आमच्या शाळेची पाळी होऊन गेली होती. म्हणजे काय ऐकू येईल ते आता रस्त्यावरच. शिवाय पालकांनी हॉटेलवर यायचं नाही, अशी शाळेची सक्त ताकीद, आणि सईची त्याहून सक्त.

फुटपाथवर जागा धरायला एकतीस तारखेला दुपारी बारापासून परवानगी असते. आम्ही लेक अव्हेन्यूच्या पुढे खुर्च्या टाकल्या. तंबू ठोकायचा नाही, सोफा आणायचा नाही, असे नियम आहेत. सोफ्यासाठी वेगळा नियम करावा लागला म्हणजे कोणीतरी आणला असणार. रात्री अकराला सगळे खुर्च्यांसकट फुटपाथवरून खाली उतरतात आणि रस्त्यावर आखलेल्या निळ्या रेघेपर्यंत सरकतात. ते पाच मिनिटांचं स्थलांतर बघण्यासारखं असतं. आजोबा, कूलर, बाळाची गाडी, सगळं एकदम चालू लागतं. त्या गर्दीत कोणी कोणाला ढकललं नाही. मी लक्ष्मी रोडवर वाढलेली बाई, मला हे जरा संशयास्पदच वाटलं.

बाकी रात्र मात्र शांत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर पोरंटोरं मार्शमेलो, टॉर्टिया आणि फवाऱ्यातून निघणारा रंगीत फेस फेकत होती. मनाई आहे, पण ऐकतंय कोण? एक टॉर्टिया नवऱ्याच्या मांडीवर येऊन पडली.

शेजारी ईस्ट लॉस एंजेलिसहून आलेलं कुटुंब होतं, तीन पिढ्या. शिकागोची थंडी सोसणारे आम्ही, कॅलिफोर्नियातल्या रात्रीला हसलो होतो, आणि दोन वाजता त्यांच्या आजींनी न विचारता माझ्या पायांवर घोंगडी टाकली. मग मक्याच्या पानात वाफवलेले तमाले आले, दाट गरम चॉकलेट आलं. मी डब्यातल्या चकल्या काढल्या. त्यांच्या नातवाने एकट्याने निम्म्या संपवल्या.

“परेडमध्ये तुमचं कोण आहे?” आजींनी विचारलं. मी सांगितलं. सूझाफोनच्या तोंडावर कापड ताणलेलं असतं, त्यावर शाळेच्या नावाचं एकेक अक्षर असतं, आमची मुलगी ‘आर’ आहे, आणि नावात ‘आर’ दोन आहेत, त्यातली ती दुसरी, आमच्या बाजूच्या टोकाकडची. आजींचं परेडमध्ये कोणीच नव्हतं. दर वर्षी नुसत्या येतात. “मग यंदा आमचंही आहे,” म्हणाल्या, आणि सगळ्या कुटुंबाला अक्षर पाठ करायला लावलं.

सकाळी आठला बी-टू हे लष्करी विमान डोक्यावरून गेलं आणि परेड निघाली. ही परेड १८९० साली व्हॅली हंट क्लब नावाच्या क्लबने सुरू केली. पूर्वेकडचे लोक बर्फात गाडले गेलेत आणि आमच्याकडे बघा कशी फुलं फुललीत, हे दाखवायला. शिकागोवाल्यांना १३० वर्षांनंतरही ते झोंबतं. चित्ररथांचा दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, बिया, सालं यांनीच मढवावा लागतो. सुंदर असतात, पण दहाव्यानंतर माझं लक्ष उडालं. घोडे आले, घोड्यांमागे फावडी घेतलेली माणसं आली, आणि टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनाच पडल्या. या घोड्यांपायीच १८९३ पासून एक जानेवारीला रविवार आला तर परेड दोन तारखेला निघते. चर्चबाहेर बांधलेले घोडे बुजू नयेत म्हणून तेव्हा तसं ठरलं, ते आजही पाळतात.

आमचा बँड यायचा होता तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. “दिसली गं! वळणावर दिसली! काय वाजवत होती!” साताऱ्यात रात्र झाली होती, त्या ऑनलाइन बघत बसल्या होत्या. कॅमेरा त्या वळणावर, आम्ही तिथून दीड मैल पुढे. रात्रभर फुटपाथवर आम्ही बसायचं आणि आधी बघायचं त्यांनी, घरात पंख्याखाली.

मग दोन चौक मागून आमचा बँड ऐकू आला. खर्जातली ती घुमारी मला ओळखीची आहे, आमच्या तळघरातून ती रोज वर येते. नवऱ्याने मोबाइल सरसावला. ट्रम्पेट, मग मेलोफोन, आवाज वाढत वाढत आला, आणि आमच्यापासून पन्नास-साठ पावलांवर गाणं संपलं.

संपलं! ड्रम मेजरने, म्हणजे बँडपुढे चालणाऱ्या म्होरक्याने, शिट्टी दिली, वाद्यं खाली आली. उरलं काय, तर एका साइड ड्रमच्या कडेवर काठीचं टक्, टक्, टक्.

मी नवऱ्याकडे बघितलं. आमच्या पथकात चौकात थांबून वाजवायची पद्धत. लोकांना पुरेसं ऐकवल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, म्हणून तर पुण्याची मिरवणूक चोवीस तासांच्या वर जाते. इथे थांबायची सोय नाही. आणि माझ्यासमोरून माझी मुलगी न वाजवता जाणार?

पण ते ऐकू येणारं वेगळंच होतं. बूट. एका वेळी सगळे डावे, मग सगळे उजवे. मधेच घोड्यांनी मागे ठेवलेला आणि फावड्यातून सुटलेला एक प्रसाद होता. कोणीही खाली बघितलं नाही, रांग वाकली नाही, ज्याच्या वाट्याला आला तो त्यावरून गेला. क्लॅरिनेट गेले, ड्रम गेले. मग सूझाफोनची रांग आली, डोक्यांवर पांढरी गोल अक्षरं धरून. टोकाकडचा ‘आर’.

हातभर अंतरावरून गेली ती. ओठांभोवती माउथपीसचा लाल गोल उमटलेला. हनुवटीवरून घाम. खांद्यावर, वाद्याखाली, कोटाच्या बाहेर डोकावणारं निळं टोक. तो आमच्या स्वयंपाकघरातला नॅपकिन होता, जो मी दिवाळीपासून शोधत होते. मान ताठ, नजर समोर. बघायचं नाही असा नियमच आहे, तो मला माहीत होता.

तेवढ्यात शेजारच्या आजी उठल्या आणि ओरडल्या, “साई!” त्यांचा नातू ओरडला, सुना ओरडल्या, मागच्या रांगेतल्या अनोळखी लोकांनी उचलून धरलं. “साई! साई! साई!” त्या टक् टक्‌वर भर कोलोराडो बुलेव्हार्ड शिर्डी झालं. मी काही ओरडले नाही. माझा आवाजच फुटेना. सईची मान हलली नाही. ओठाचं एक टोक हललं, असं नवरा म्हणतो. त्याच्या व्हिडिओत ते नाही, कारण व्हिडिओत त्याच्या स्वतःच्या अंगठ्याखेरीज काही नाही.

पुढच्या चौकात त्यांनी परत गाणं धरलं. तिथल्या लोकांना सगळं ऐकायला मिळालं.

दुपारी तिचा बसमधून फोन आला. बर्गर खात बोलत होती. “तिथे टॅपच होता गं आई, नुसतं काठीच्या टक् टक्‌वर चालायचं. सलग वाजवलं तर ओठ सुटतात, मग शेवटच्या मैलात काय करायचं? आणि ते साई साई कोण ओरडत होतं? सगळे मला विचारतायत.” मी म्हटलं, तुझी मेक्सिकन आजी. पायाला फोड आलेत म्हणाली. मी येऊ का विचारलं. “हॉटेलवर नको हं, प्लीज.”

परतीच्या मेट्रोत मुंगीला जागा नव्हती, आणि कोणाच्या तरी खुर्चीचा पाय तासभर माझ्या बरगडीत होता. तिथे उभ्याने मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली सासूबाईंची क्लिप बघितली. सहा सेकंदांची, वळणावरची. कोणाकडून तरी एका सूझाफोनभोवती लाल गोल काढून घेतला होता, खाली लिहिलं होतं, “आमची नात.” अक्षर ‘आर’च होतं, पण पहिला. त्याखाली सव्वासहा फुटी एक मुलगा होता, टोपीचा तुरा पार डोळ्यांवर आलेला. साताऱ्यापासून नाशिकपर्यंतचे अभिनंदनाचे संदेश खाली लागले होते. एका आत्याबाईंनी लिहिलं होतं, “अगदी आजोबांवर गेलीय.”

नवऱ्याने अंगठा दाखवला आणि फोन खिशात ठेवला.