गुंडूचं भांडं

सोमवार, रात्री

आज पहिल्यांदा माझ्या कुत्र्याच्या, गुंडूच्या जेवणात नवं, बिनमांसाचं खाणं मिसळलं. तीन भाग जुनं, एक भाग नवं. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत वास घेतला आणि खायला लागला. मला केवढं हायसं वाटलं! भांडं उचलायला गेले तर तळाशी सात दाणे शिल्लक. सगळे नवे, चाटून गुळगुळीत केलेले. जुना एकही उरला नव्हता. दोन्हीचा रंग जवळजवळ सारखाच आहे, मलाही उजेडात धरल्याशिवाय ओळखता येत नाहीत. त्याने नाकानेच निवडले असणार.

मांस सोडून मला चार वर्षं झाली, दूध सोडून तीन. तरी रोज सकाळी याच हातांनी त्याला कोंबडीचं खाणं वाढत होते. पाकीट फाडताना येणारा तो वास, आणि मागे शेपूट हलवत उभा असलेला हा. एका प्राण्यावर इतका जीव लावायचा आणि त्याच्यासाठी दुसरे मारले जातात तिकडे बघायचंच नाही, हे मला टोचत राहिलं.

बुधवार

धाकटीचा फोन. "ताई, तू नको खाऊस, तुझी मर्जी. पण त्याला विचारलंस का?"

नाही विचारलं. विचारता येत नाही. पण कोंबडीचं खाणं सुरू केलं तेव्हाही विचारलं नव्हतं, लस टोचताना नाही, नसबंदी करतानाही नाही. त्याच्या भांड्यात काय पडणार हे पहिल्या दिवसापासून मीच ठरवत आले आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते. मी चुकले तर भोगायचं त्याने.

आणि मी एकदा चुकलेही आहे. गेल्या वर्षी मनानेच कडधान्यं आणि भाज्या शिजवून घालायला लागले. तो आवडीने खायचा, त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटलं. दीड महिन्यात त्याचं वजन दोन किलोंनी उतरलं, पाठीवरचे केस राठ झाले, हात फिरवला की मूठभर हातात. डॉक्टरांनी मला समोर बसवून एकेक विचारलं: कॅल्शियम कुठून? बी-१२ कुठून? ड जीवनसत्त्व? कुत्र्याची कातडी उन्हातून ते पुरेसं तयार करत नाही, ते अन्नातूनच जावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसून रडले.

या वेळी आधी रक्त, लघवी आणि हृदयाचं टू-डी इको करून घेतलं. खाणंही पूर्ण पोषणाचं म्हणून बनवलेलं, टॉरिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लं आणि बी-१२ वरून घातलेलं. डॉक्टरांना ही कल्पना अजूनही फारशी पटलेली नाही. पण ते म्हणाले, "करणारच असाल तर माझ्या नजरेखाली करा."

शनिवार

निम्मं-निम्मं केलं आणि शी पातळ झाली. पहाटे बॅटरीच्या उजेडात वाकून बघत होते. रक्त नाही, आव नाही, नुसतीच सैल. लगेच एक पायरी मागे, परत पाव भाग. सात ते दहा दिवसांत बदल करावा असं सांगतात, आम्हाला पंधरा लागले तरी चालतील.

शेजारच्या काकूंनी विचारलं, त्यांच्या मांजरीलाही हे देता येईल का. मी घाईने नाही म्हणाले. मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन तिचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही बनवता येत नाही. कुत्र्याला दोन्ही जमतं. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची खूण त्याच्या अंगात आहे. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती मोजल्या होत्या: लांडग्यात दोन, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. हे वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की मी त्याच्यावर काही अघोरी लादत नसेन.

पण वाचताना मला हवं तेच दिसतं, हे मी स्वतःला बजावते. शर्यतीत धावणाऱ्या बारा हस्की कुत्र्यांवरचा २००९ चा प्रयोग आहे, त्यातल्या निम्म्यांना सोळा आठवडे मांसाविना ठेवलं, रक्त चांगलं राहिलं. २०२४ चा आहे, पंधरा कुत्री, एक वर्ष, तीही ठणठणीत. पंधरा कुत्री आणि एक वर्ष! गुंडू सहा वर्षांचा आहे, मला तो अजून आठ-नऊ वर्षं हवाय. २०२२ ला कुत्र्यांच्या अडीच हजारांवर पालकांना विचारून केलेली मोठी पाहणीही आहे, पण तिथे तब्येत सांगणारे माझ्यासारखेच, कुत्र्यावर आणि आपल्या निर्णयावर जीव असलेले. मी त्या पाहणीत असते तर गेल्या वर्षीच्या पहिल्या महिन्यात मीही "उत्तम" असंच लिहिलं असतं.

हृदयाची धास्ती वेगळीच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर अशी द्विदलं भरपूर असलेल्या खाण्यांबद्दल सावध केलं होतं, ती खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदय फुगून दुबळं होण्याच्या तक्रारी आल्या म्हणून. कारण पक्कं ठरलेलं नाही. गुंडूच्या नव्या पाकिटावर पहिलंच नाव वाटाण्याचं आहे. इको म्हणूनच केलं, आणि पुढेही करणार.

तीन महिन्यांनंतर

सकाळी रिपोर्ट आले. वजन जिथल्या तिथे. हिमोग्लोबिन चांगलं, टॉरिन चांगलं, इको पहिल्यासारखंच. पाठीवरून हात फिरवला, केस मऊ आहेत. रिपोर्ट वाचायच्या आधीच हे मला माहीत होतं, पण आता केसांवर एकट्यावर विश्वास ठेवत नाही.

लघवी मात्र अल्कलीकडे झुकली आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली थोडे स्फटिक दिसले. वनस्पतींच्या खाण्यावर असं होऊ शकतं, वेळीच लक्ष दिलं नाही तर पुढे मुतखडा. डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलंय, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मी विचारलं, तेव्हाही असंच असेल तर? ते म्हणाले, "मग खाणं बदलायचं. चालेल ना तुम्हाला?"

चालेल म्हणाले. सांगताना घसा दाटला, पण अडखळले नाही. त्याला कळ येऊन तो पाय वर करून नुसता उभा राहिला, तर माझी चार वर्षांची निष्ठा त्याच्या काय कामाची? आणि तरीही ती कोंबडी डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन्ही खरं आहे, आणि आज मला त्यातलं एक निवडावं लागलं नाही एवढंच.

रात्री दाण्यांवर दोन वाट्या कोमट पाणी ओतलं. त्याने आधी कडेकडेने सगळं पाणी लपालपा प्यायलं, मिशा ओल्या, मग दाणे. शेवटी भांडं नाकाने ढकलत भिंतीपर्यंत नेलं. मी वाकून पाहिलं. तळाशी एकही दाणा नव्हता.